हातावरचं लॅटिन, मनातलं मराठी

आमच्या कोऱ्हाळे बुद्रुकमध्ये आणि बारामतीला कॉलेजला जाणाऱ्या पोरांमध्ये गेल्या काही वर्षांत एक गोष्ट वाढली आहे. मनगटावर, दंडावर, मानेच्या मागे रोमन अक्षरांत काहीतरी गोंदलेलं असतं. वाचायला गेलं तर ते इंग्रजी नसतं. 'मेमेंटो मोरी', 'कार्पे डिएम', 'अमोर फाती', 'पेर आस्पेरा अद् आस्त्रा'. ही लॅटिन आहे, म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोमची भाषा. ती नीरा डाव्या कालव्याच्या काठी, उसाच्या फडातून येणाऱ्या पोराच्या हातावर आली आहे.

यावर गावात दोन प्रतिक्रिया असतात. एक हसण्याची: "मराठीत धड अर्ज लिहिता येत नाही आणि म्हणे लॅटिन!" दुसरी आपल्या मुस्लिम मोहल्ल्यातली: "हराम आहे, याची नमाज होत नाही." हसणारे आणि फटकारणारे, दोघेही त्या पोराला एक प्रश्न मात्र विचारत नाहीत. बाबा, हे तुझ्या हातावर का आहे?

आधी शरीअतची बाजू स्पष्ट करतो, नाहीतर मी पळवाट शोधतोय असं कुणाला वाटेल. गोंदणाऱ्याचा आणि गोंदवून घेणाऱ्याचा निषेध करणाऱ्या हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहेत. अल्लाहनं घडवलेल्या देहात कायमचा बदल करू नये, हे त्यामागचं कारण सांगितलं जातं. मी हे मानतो आणि कुणी विचारलं तर 'करू नकोस' असंच सांगतो. पण 'नमाज होत नाही' हे आपण पदरचं जोडलेलं आहे. शाई कातडीच्या आत असते, पाणी कातडीला लागतं, त्यामुळे वुजू होतो आणि नमाजही होते, असं बहुतेक उलमा सांगतात. केलेल्या गोष्टीची तौबा करता येते. मशिदीच्या दारातून परत फिरलेला पोरगा मात्र सहजासहजी पुन्हा येत नाही.

मी भाषा शिकवतो, उर्दू आणि मराठी. म्हणून कुठलंही वाक्य दिसलं की अर्थ विचारायची मला खोड आहे. माजी विद्यार्थी भेटले की मी विचारतो आणि ते सांगतात.

एकाच्या हातावर 'मेमेंटो मोरी' आहे. मेमेंटो म्हणजे 'लक्षात ठेव', मोरी म्हणजे 'मरणं'. एक दिवस मरायचं आहे, हे विसरू नकोस. आपल्याकडे सत्कारात शाल-श्रीफळासोबत देतात तो 'मेमेंटो' हाच शब्द. मित्रांनी त्याची भरपूर थट्टा केली, 'मोरीत काय ठेवलंयस रे?' म्हणून. तो मला म्हणाला, "सर, हसू दे त्यांना. आमचा दोस्त गाडीवरून पडला तो कालव्याच्या मोरीपाशीच." लॅटिन शब्दकोशात हा अर्थ नाही. या पोराच्या हातावर मात्र तोच पहिला अर्थ आहे.

दुसऱ्याच्या हातावर 'पेर आस्पेरा अद् आस्त्रा' आहे, म्हणजे 'खडतर वाटेनं ताऱ्यांपर्यंत'. मला वाटलं, आकाशातले तारे. तो म्हणाला, "पीएसआयच्या खांद्यावर दोन तारे असतात, सर." तो दिवसा अभ्यासिकेत बसतो आणि रात्रपाळीला एमआयडीसीत जातो.

तिसऱ्यानं 'कार्पे डिएम' गोंदलंय, आणि का म्हणून विचारलं तर सरळ म्हणाला, "भारी दिसतं, सर." हेही खरं उत्तर आहे. प्रत्येक गोंदणामागे दुःखच असतं असा माझा दावा नाही. त्याला मी एवढंच सांगितलं की रोमन कवी होरेस याच्या या शब्दांचा अर्थ 'मजा कर' असा नाही. 'कार्पे' हा खुडण्याचा, फळ तोडण्याचा शब्द आहे. आजचा दिवस पिकलाय, तो खुडून घे, उद्यावर ठेवू नकोस. डाळिंबाच्या तोडणीला जाणाऱ्या घरातल्या पोराला तो लगेच कळला.

आता प्रश्न असा की हे मराठीत का नाही? किंवा उर्दूत? 'मरण विसरू नकोस' हे मराठीत काही कमी जोरकस नाही. मला सापडलेलं उत्तर असं: मराठीत लिहिलं तर सगळं गाव वाचेल. चहाच्या टपरीवर, एसटीत, चुलत्यासमोर, होणाऱ्या सासऱ्यासमोर खुलासा द्यावा लागेल. लॅटिनचा इथे पडद्यासारखा उपयोग होतो. गोष्ट उघड्या हातावर लिहायची आणि तरी झाकून ठेवायची. जो थांबून विचारेल, त्यालाच ती सांगायची. आपल्या मुलांना, विशेषतः मुलग्यांना, दुःख बोलून दाखवायला आपण जागा ठेवलेली नाही. 'मर्द आहेस ना, रडतोस काय' हे आपण हिंदू-मुस्लिम सगळ्यांनीच त्यांना शिकवलंय. मग ते परक्या भाषेत लिहून घेतात.

आणि लॅटिन आपल्याला वाटते तितकी परकीही नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर गोळीपुढे 'बी.डी.' असतं, ते 'बिस इन डिए', म्हणजे दिवसातून दोनदा. घड्याळातलं एएम-पीएम लॅटिन आहे. इंग्रजांनी मुंबईला दिलेलं 'उर्ब्स प्रायमा इन इंडिस', म्हणजे हिंदुस्थानातलं पहिलं शहर, हे बिरुद लॅटिन आहे. आपल्या संविधानाच्या अनुच्छेद 32 मध्ये 'हेबियस कॉर्पस', 'मँडॅमस', 'सर्शिओरारी', 'को वॉरंटो' हे शब्द तसेच्या तसे आहेत. याच अनुच्छेदाला बाबासाहेबांनी संविधानाचा आत्मा आणि हृदय म्हटलं होतं. 'हेबियस कॉर्पस'चा शब्दशः अर्थ देहाशीच निगडित आहे: कोंडून ठेवलेल्या माणसाचा देह न्यायालयापुढे हजर करा. शब्द कळत नाही म्हणून तो पोकळ, असं म्हणायचं तर हेही सगळं पोकळ ठरेल.

गोंदण तर आपल्याच मातीतलं. कारखान्याच्या हंगामात येणाऱ्या ऊसतोड बायांच्या कपाळावर, हनुवटीवर, हातावर ते आजही दिसतं: तुळस, ठिपके, भावाचं किंवा नवऱ्याचं नाव. मेल्यावर सोनं-नाणं इथेच राहतं, गोंदण तेवढं सोबत येतं, असं जुन्या बाया म्हणायच्या. त्यांतल्या कितीतरी जणींना हातावरचं ते नाव वाचता येत नव्हतं, पण ते कुणाचं आहे हे त्यांना कधी विचारावं लागलं नाही.

या इतिहासाची दुसरी बाजूही आहे. कंपनी सरकारच्या काळात बंगाल आणि मद्रास इलाख्यांत जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर त्यांचा गुन्हा गोंदत असत. ही पद्धत 1849 मध्ये कायद्यानं बंद झाली. एकीकडे स्वतः निवडलेला शब्द आणि दुसरीकडे इतरांनी कपाळावर मारलेला शिक्का. माणसाला न विचारता त्याच्या देहावरून निकाल देणं दुसऱ्या प्रकारात मोडतं. दाढी-टोपी बघून आपल्याविषयी जे मत बनवलं जातं, त्याची आपण तक्रार करतो आणि ती रास्त आहे. मग आपणच एखाद्याचं मनगट बघून तेच करायचं का?

मुस्लिम वाचकांना अजून एक गोष्ट सांगतो. न कळणाऱ्या भाषेवर प्रेम करणं आपल्याला नवं नाही. आपल्यापैकी बहुतेकांना अरबी वाचता येते, पण समजत नाही. दारावर आयत असते, गाडीवर 786 असतं, गळ्यात तावीज असतो. 786 ही बिस्मिल्लाहच्या अक्षरांची अबजद हिशोबानं केलेली बेरीज आहे, हे विचारलं तर दहातले किती जण सांगतील? तरी तो आकडा दिसला की मनाला आधार वाटतो. कुरआन आणि गोंदण यांची मी तुलना करत नाही, तौबा! मी माणसाच्या सवयीविषयी बोलतोय. कब्रस्तानात उभं राहून आपण प्रत्येक जिवाला मरण चाखायचं आहे हे आठवतो. त्या पोरानं नेमकं तेच हातावर लिहिलंय. ज्या जागेवर लिहिलं ती चुकीची असेल, पण ती आठवण आपल्या दीनच्या बाहेरची नाही.

म्हणून आपल्या मुलांना माझं सांगणं सरळ आहे. करू नका. सैन्यभरतीत गोंदण कुठे चालतं याचे कडक नियम आहेत. कोपराच्या आतल्या बाजूपासून मनगटापर्यंतचा भाग आणि हाताची मागची बाजू सोडून दुसरीकडे कायमचं गोंदण असेल तर मेहनत वाया जाऊ शकते. भाषेची बाजूही आहे. लॅटिनमध्ये शब्दाच्या शेवटच्या एका अक्षरानं अर्थ फिरतो, आणि सुई चालवणाऱ्याला लॅटिन येत नसते. डेव्हिड बेकहॅमनं बायकोचं नाव देवनागरीत गोंदवून घेतलं, तर त्यातल्या शुद्धलेखनाची चर्चा जगभर झाली. हे त्याच्यासारख्याच्या बाबतीत होतं, तर आपलं काय?

आणि मोठ्यांना सांगणं असं: फटकारण्याआधी दोन मिनिटं जवळ बसवा. "काय लिहिलंयस?" एवढंच विचारून थांबू नका, "कुणासाठी लिहिलंयस?" हेही विचारा. तो सांगेल, कारण सांगता यावं म्हणूनच त्यानं ते हातावर घेतलंय. मग त्याला म्हणा की हे मराठीत बोल, उर्दूत बोल, वहीत लिही, त्या दोस्तासाठी दुआ कर. शाळेत निबंधाला आम्ही 'माझा आवडता ऋतू' देतो; एखादा विषय 'मला न विसरता येणारा माणूस' असाही देऊन बघायला हवा. ज्याला आपल्या भाषेत रडता येतं, त्याला रोमपर्यंत जावं लागत नाही.