घरकुल मंजूर, पण बांधायचं कुठं?

घरकुल कागदावर मंजूर होतं, पण पाया खणला की गार्ड म्हणतो, जागा जंगलखात्याची. मग पुन्हा कारवीचा कूड, पुन्हा गळकं छप्पर. नागली भिजते, पोरं तापानं पडतात. औषधासाठी भट्टीवाल्याची उचल घ्यायची, ती फेडायला सगळं घर वीटभट्टीवर. पोरांची शाळा तिथंच तुटते. पक्कं घर असलं तर दाणा कोरडा राहील, उचल टळेल, पोरं शाळेत टिकतील.

हे सरकारचे उपकार नव्हेत. 2006 च्या वनहक्क कायद्यात कसण्याबरोबर राहण्याचाही हक्क लिहिलाय. दाव्याची पडताळणी पुरी होईस्तोवर कुणाला हुसकावता येत नाही. म्हणून दाव्यात शेतासोबत घराची जागाही लिहा. ग्रामसभेचा ठराव जोडा. पोच घ्या. पोच दिली नाही, तर कचेरीतून उठायचं नाही!