वाहिनी बंद झाली की जागेवरून हलली?

‘ट्राय’ या दूरसंचार नियामकाची नवी दररचना २०१८ च्या अखेरीस जवळ आली, तेव्हा २९ डिसेंबरपासून वाहिन्या बंद पडणार, अशी आवई देशभर उठली. तसे काही होणार नाही, असा खुलासा ट्रायला करावा लागला.

सीमाभागात अशा आवईला वेगळी धार येते. सदलगा, चिकोडी, निपाणी या पट्ट्यात नेहमीच्या क्रमांकावर मराठी बातम्या दिसल्या नाहीत, तर तांत्रिक फेरबदलाआधी भाषिक आकसाचा संशय येतो. तो अगदीच निराधार म्हणता येत नाही. पसंती न कळवलेल्या ग्राहकांसाठी ट्रायने फेब्रुवारी २०१९ मध्ये ‘बेस्ट फिट प्लॅन’ सुचवला. त्याच्या निकषांत बोलली जाणारी भाषाही होती. पण भाषा राज्याची की घराची? (गोव्यातील मराठी घरांनाही हा प्रश्न परका नाही.) सदलग्यासाठी चालकाने सरसकट कन्नड यादी उचलली, तर मराठी वृत्तवाहिनी कोणी बंद न करताही दिसेनाशी होते.

क्रमांक बदलणे ही निराळी बाब. २०१७ च्या नियमांनुसार दिलेला क्रमांक किमान वर्षभर कायम ठेवावा लागतो. एका भाषेतील एकाच प्रकारच्या वाहिन्याही सलग असाव्या लागतात. त्यामुळे सगळा मराठी गट हलला असेल, तर ती फेरमांडणी. शेजारच्या वाहिन्या जागेवर असून एकच गायब असेल, तर ती बहुधा पॅकमधून वगळलेली असते आणि ग्राहकाला ती स्वतंत्रपणे मागता येते.