आठचा उतारा

गावठाणात फक्कीच्या रेघा पडल्या त्या दिवशी आमच्या घराचा वाद उभा राहिला. ड्रोनच्या मोजणीआधी ज्यानं त्यानं आपली हद्द दाखवायची होती. अण्णांनी पंचवीस वर्षांपूर्वी शेजारची दोन खण जागा स्टँपवर लिहून घेतलेली. पंचांच्या सह्या, घरपट्टी आमच्याच नावची. विकणारा वारला होता. त्याची पोरं पुण्याहून आली नि म्हणाली, "खरेदीखत दाखवा." अण्णांनी आठचा उतारा पुढं केला. पोरं हसली.

मला राग त्या पोरांचा नाही. "उतारा नावावर झाला, आता काय घोर नाय," असं सांगणाऱ्या गावातल्या शहाण्यांचा आहे. नमुना आठ ही पंचायतीची कर आकारणीची वही. घरपट्टी कुणाकडून घ्यायची एवढंच ती सांगते. मालक ठरवत नाही. शंभर रुपयांच्या वरची जागा विकायची तर नोंदणी झालेलं खरेदीखत लागतं, हा कायदा १८८२ चा. आपण अजून पारावर बसून व्यवहार करतो! म्हणे, शब्दाला किंमत आहे. असेल. पण शब्द देणारा मरतो, आणि वारसांनी तो दिलेला नसतो.

२०२० पासून स्वामित्व योजनेतून गावठाणातल्या घरांना मिळकत पत्रिका मिळू लागल्या. चांगलंच झालं. पण चौकशीच्या दिवशी शेतावर जाऊ नका, बाबांनो. कागद घेऊन दारात उभे राहा. नाव, क्षेत्र, चतुःसीमा वाचून बघा.

अण्णा अजून त्या दोन खणांची घरपट्टी भरतात. पावती ट्रंकेत ठेवतात, कुलूप लावून.