औषधच जेव्हा त्वचेवर उलटते

रोग बरा करण्यासाठी घेतलेल्या औषधामुळे शरीरावरील त्वचा भाजल्यासारखी सुटून यावी, हा वैद्यकशास्त्रातील अत्यंत भीषण दुष्परिणामांपैकी एक होय. ‘टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलिसिस’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या विकारावर नेमके प्रभावी औषध कोणते, याबाबत वैद्यकजगतात अनेक दशके एकमत नव्हते. जर्मनीतील माक्स प्लांक जीवरसायनशास्त्र संस्थेच्या पुढाकाराने झालेले आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेले संशोधन म्हणूनच महत्त्वाचे ठरते. भारताच्या दृष्टीने मात्र त्यातून आशेबरोबरच काही प्रश्नही उभे राहतात.

अमेरिकेतील स्टीव्हन्स आणि जॉन्सन या डॉक्टरांनी १९२२ मध्ये या विकाराच्या तुलनेने सौम्य रूपाचे वर्णन केले. तीव्र रूपाचे वर्णन स्कॉटलंडचे त्वचारोगतज्ज्ञ अॅलन लायल यांनी १९५६ मध्ये केले. शरीराच्या १० टक्क्यांहून कमी भागावरील त्वचा सुटली तर ‘स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम’ आणि ३० टक्क्यांहून अधिक भागावरील सुटली तर ‘टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलिसिस’ असे मानले जाते. दरवर्षी दहा लाख लोकांमागे मोजक्याच व्यक्तींना हा विकार होतो. पण तीव्र रूपात सुमारे एक तृतीयांश रुग्ण दगावतात आणि वाचलेल्यांपैकी अनेकांच्या दृष्टीला कायमची इजा होते.

विशेष म्हणजे हे नुकसान औषधातील विषारीपणामुळे होत नाही; ते घडवून आणतात रुग्णाच्याच रोगप्रतिकारक पेशी. शरीरातील जवळपास प्रत्येक पेशीच्या पृष्ठभागावर ‘एचएलए’ नावाची प्रथिने असतात. पेशीच्या आत काय चालले आहे, याचे नमुने ती बाहेर मांडतात आणि ‘टी’ पेशी ते तपासतात. विषाणूची लागण आढळल्यास मारक टी पेशी त्या पेशीचा नाश करतात. काही व्यक्तींमध्ये औषधाचा रेणू या एचएलए प्रथिनाला चिकटतो. मग निरोगी त्वचापेशीच मारक पेशींना शत्रू वाटू लागते आणि हल्ला सुरू होतो. तैवानच्या संशोधकांनी २००८ मध्ये रुग्णांच्या फोडांतील द्रवाची तपासणी केली, तेव्हा त्यात ‘ग्रॅन्युलायसिन’ हे मारक प्रथिन फार मोठ्या प्रमाणात आढळले. तेच उंदरांच्या त्वचेत टोचल्यावर तिथेही फोड उठले.

या साखळीचा पुढील दुवा २०२४ च्या संशोधनाने उलगडला. रुग्णांच्या त्वचेच्या नमुन्यांतील पेशी वेगवेगळ्या करून त्यांतील हजारो प्रथिनांची मोजणी करण्यात आली. इंटरफेरॉनचे संदेश पेशीच्या आत पोहोचवणारी ‘जॅक-स्टॅट’ ही यंत्रणा या विकारात अतिशय उत्तेजित झालेली असते, असे त्यातून दिसून आले. हा मार्ग रोखणारी ‘जॅक’ प्रतिरोधक औषधे संधिवातासारख्या विकारांवर आधीपासून वापरात आहेत. चीनमधील सात रुग्णांना ती देण्यात आली आणि सातही जण बरे झाले.

या यशाचे मोल मोठे आहे. तथापि त्याच्या मर्यादाही ध्यानात घ्यायला हव्यात. सात ही संख्या लहान आहे आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. शिवाय ही औषधे प्रतिकारशक्ती कमी करतात. ज्याच्या अंगावर त्वचेचे कवचच उरलेले नाही, अशा रुग्णाला जंतुसंसर्गाचा धोका आधीच मोठा असतो. मोठ्या चाचण्या झाल्याशिवाय अंतिम निष्कर्ष काढता येणार नाही.

उपचारांतील अनिश्चिततेची किंमत भारताने पाहिली आहे. १९९८ मध्ये अमेरिकेहून कोलकात्यात आलेल्या एका महिलेला हा विकार जडला. तिला दीर्घकाळ परिणाम टिकणारे स्टिरॉईड प्रमाणाबाहेर देण्यात आले आणि पुढे मुंबईत तिचा मृत्यू झाला. वैद्यकीय हलगर्जीच्या या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१३ मध्ये जवळपास सहा कोटी रुपये आणि त्यावरील व्याज एवढी भरपाई मंजूर केली.

उपचारांपेक्षा प्रतिबंधाचा मार्ग अधिक खात्रीचा आहे. अपस्मारावर दिल्या जाणाऱ्या कार्बामॅझेपिनमुळे हा विकार झालेल्या सर्व ४४ तैवानी रुग्णांमध्ये ‘एचएलए-बी १५०२’ हे जनुकीय रूप असल्याचे २००४ मध्ये आढळले. त्यानंतर तैवानमध्येच सुमारे ४ हजार ९०० जणांची औषध देण्यापूर्वी रक्ततपासणी करण्यात आली आणि ज्यांच्यात हे रूप आढळले, त्यांना कार्बामॅझेपिन देण्यात आले नाही. पूर्वानुभवानुसार त्यांच्यात सुमारे दहा जणांना हा विकार होणे अपेक्षित होते. प्रत्यक्षात एकालाही झाला नाही. हे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. युरिक आम्ल कमी करणाऱ्या अॅलोप्युरिनॉलच्या बाबतीतही ‘एचएलए-बी ५८०१’ या रूपाशी असाच संबंध सिद्ध झाला आहे.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने आशियाई वंशाच्या रुग्णांसाठी कार्बामॅझेपिनपूर्वी या तपासणीची शिफारस २००७ मध्ये केली. भारतीयांसह दक्षिण आशियाई लोकांमध्ये हे रूप सरासरी २ ते ४ टक्के व्यक्तींत आढळते, असे त्या औषधाच्या माहितीपत्रकात नमूद आहे. सिंगापूरने ही तपासणी उपचारपद्धतीचा भाग केली. भारतात मात्र ती सरसकट केली जात नाही. शिवाय एवढ्या वैविध्यपूर्ण लोकसंख्येत या रूपाचे प्रमाण समाजागणिक वेगळे असू शकते. म्हणूनच परदेशातील आकडेवारीवर विसंबून न राहता देशांतर्गत अभ्यास होणे निकडीचे आहे.

अशा माहितीसाठी २०१० मध्ये सुरू झालेला औषधदक्षता कार्यक्रम हे भारताचे प्रमुख साधन आहे. गाझियाबाद येथील भारतीय औषधसंहिता आयोग त्याचे समन्वयन करतो. वेदनाशामक मेफेनॅमिक आम्लामुळे ताप, पुरळ आणि अंतर्गत अवयवांना इजा करणारी ‘ड्रेस’ ही तीव्र प्रतिक्रिया उद्भवू शकते, असा इशारा आयोगाने २०२३ च्या अखेरीस दिला होता. दुष्परिणामांची नोंद डॉक्टरांप्रमाणेच रुग्णही १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर करू शकतात. पण नोंदी आल्या तरच इशारे देता येतात, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीविना परस्पर घेतलेल्या गोळ्यांचा हिशेब कोणापाशीच राहत नाही.

नव्या औषधांची वाट पाहताना जुने सूत्र विसरून चालणार नाही. नवे औषध सुरू केल्यानंतर साधारण चार दिवस ते चार आठवड्यांच्या काळात ताप, डोळ्यांची जळजळ, तोंडात व्रण किंवा दुखरे लालसर चट्टे दिसल्यास विनाविलंब डॉक्टरांकडे जाणे आणि संशयित औषध तत्काळ थांबवणे, हाच आजही जीव वाचवणारा पहिला उपाय आहे. प्रयोगशाळेने रोगाची साखळी उलगडली आहे. ती वेळीच तोडायची असेल, तर हे ज्ञान तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत आणि औषधाच्या दुकानापर्यंत पोहोचवावे लागेल.