परतीच्या प्रवाहाचा हिशेब
नकाशावरचे किलोमीटर मोजून मोटरबोटीचे इंधन ठरवणे घातक आहे. कॅनडातल्या युकॉन नदीवर व्हाइटहॉर्सहून निघाले की पेट्रोलचे भरवशाचे गाव म्हणजे कारमॅक्स, सुमारे 320 किलोमीटरवर. प्रवाह सोबतीला असताना एवढी चिंता कशाला, असे कुणी म्हणेल. पण वाटेतल्या सुमारे 50 किलोमीटर लांबीच्या लाबर्ज सरोवरात प्रवाह जवळजवळ नसतोच, आणि समोरून वारा सुटला की पेट्रोल भराभर संपते. शिवाय मध्येच मागे फिरावे लागले तर? संथ पाण्यात ताशी 20 किलोमीटर धावणारी बोट ताशी 8 किलोमीटरच्या प्रवाहासोबत 28 जाते, उलट दिशेने जेमतेम 12. म्हणजे तेवढ्याच अंतराला दुपटीहून जास्त इंधन. जादा कॅनचे ओझे होते हे खरे, पण ते तासातासाला हलके होत जाते, म्हणून एक तृतीयांश साठा राखीव हवाच.