नववीच्या वर्गात शेगडी पेटू द्या

जून उजाडला की आपण शाळेत जाऊन दोनच गोष्टी विचारतो. गणिताला सर कोण आहेत आणि दहावीचा निकाल किती लागला. यंदा तिसरंही एक विचारा: आमची मुलं इथे हातांनी काय करायला शिकतात? माप घेऊन एखादी वस्तू बनवणं, बिघडलेली दुरुस्त करणं, अन्न शिजवणं, ते टिकवणं आणि या सगळ्याचा खर्च मांडणं, यातलं काय काय दहावीपर्यंत त्यांना येईल?

बहुतेक ठिकाणी उत्तर मिळेल, ‘कार्यानुभवाचा तास आहे की!’ त्या तासाचं काय होतं ते आपण सगळेच जाणतो. बीजगणित मागे पडलं की तो तास बीजगणिताला जातो. नाहीतर घोटीव कागदाची फुलं होतात, त्यातली निम्मी आईने रात्री बसून केलेली असतात आणि श्रेणी सगळ्यांना एकच मिळते. मुलांना हे बरोबर कळतं. ज्या तासाला मोठी माणसं किंमत देत नाहीत, त्याला मुलं कशाला देतील?

कागदावर या गोष्टीला कधीच विरोध नव्हता. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला. कोठारी आयोगाने १९६६च्या अहवालात कार्यानुभव हा शिक्षणाचा अविभाज्य भाग ठरवला. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांजवळ शिकावं, असं म्हटलं आहे. धोरणं येत राहिली. अडलं ते शाळेच्या वेळापत्रकात आणि आपल्या मनात.

हे जमतं का, असा प्रश्न पडत असेल तर पुणे जिल्ह्यातल्या पाबळकडे पाहा. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अन्न-तंत्रज्ञानाचे शास्त्रज्ञ. हिंदुस्थान लिव्हरमधली संशोधनाची मोठी नोकरी सोडून ते या दुष्काळी गावात आले आणि १९८३ साली त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. तिथे आठवी ते दहावीसाठी ‘मूलभूत तंत्रज्ञान’ हा विषय आकाराला आला आणि राज्याच्या परीक्षा मंडळाने त्याला मान्यताही दिली. त्याचे चार भाग आहेत: कार्यशाळेतलं काम, ऊर्जा आणि पर्यावरण, शेती आणि पशुपालन, घर आणि आरोग्य. आठवड्यातला एक दिवस मुलं हेच करतात. शिकवायला गावातलीच हुन्नर असलेली माणसं येतात. मुलं वेल्डिंग करतात, वायरिंग करतात, रोपं तयार करतात, रक्तगट तपासायला शिकतात, खाद्यपदार्थ बनवतात. प्रत्येक कामाआधी आकृती काढायची आणि नंतर खर्चाचा हिशेब लिहायचा, ही तिथली शिस्त. आज राज्य मंडळाच्या काही शाळांत ‘मल्टी स्किल’ या नावाने असा विषय नववी-दहावीला घेता येतो.

एका तासात नेमकं काय शिकता येतं, हे पाहायला साधी शेंगदाण्याची चिक्की घेऊ.

आधी दाणे तोलायचे. भाजून, सालं पाखडून पुन्हा तोलायचे. किलोचे किलो राहत नाहीत; ओल गेली, सालं गेली. ही घट किती टक्के, ते मुलांनीच काढायचं. ती धरली नाही तर पुढचा सगळा हिशेब चुकतो. मग गूळ, त्यात जेमतेम पाणी आणि मध्यम आच. पातेल्यात तापमापी धरली तर शंभराच्या थोडं पुढे पाक उकळताना दिसतो. पाणी उडत जातं तसा पारा चढत जातो. एकशेवीसच्या आसपास पाकाचा थेंब गार पाण्यात टाकला तर बोटांनी त्याची मऊ गोळी वळते. इथेच उतरवला तर चिक्की दाताला चिकटते. दीडशेच्या जवळ गेल्यावर तोच थेंब पाण्यात कडक होतो आणि मोडला की कट्‌ असा वाजतो. आता क्षणभरही थांबायचं नाही. पुढे गूळ जळतो आणि कडवट होतो. द्रावण घट्ट होत जातं तसा त्याचा उत्कलनबिंदू वाढतो, हे मुलगा बारावीच्या रसायनशास्त्रात वाचेल तेव्हा त्याला ते घोकावं लागणार नाही.

पुढचा भाग कार्यशाळेतला. पंचवीस ग्रॅमचा तुकडा हवा तर थर किती जाड लाटायचा आणि चौकोन केवढा कापायचा? चिक्की पसरायच्या ट्रेची मापं घालून आकृती काढा, पत्रा कापा, कडा वळवा, नाहीतर हात कापेल. पावसाळ्यात चिक्की ओल धरते, मग वेष्टन कोणतं घ्यायचं? त्यात गॅस, पाकीट, मेहनत आणि फुकट गेलेला पहिला घाणा धरून एका तुकड्याची किंमत काय पडते? शेवटी एक प्रश्न: ज्या आजोबांना दात नाहीत त्यांच्यासाठी काय कराल? कुणी कूट करून लाडू सुचवेल, कुणी मऊ पाकाची वडी. वस्तू कुणासाठी आहे हे आधी विचारायचं आणि मग हात घालायचा, यालाच डिझाइन म्हणतात. महागडी प्रयोगशाळा त्याला लागत नाही.

विजेचंही तेच. तीन पिनांच्या प्लगमधली वरची पिन लांब का असते, हे दहावी झालेल्या किती जणांना सांगता येईल? प्लग लावताना अर्थिंग आधी जोडलं जावं आणि काढताना शेवटी सुटावं, म्हणून. हिरवी तार त्याच पिनेला जोडायची असते. ज्याने ती स्वतः एकदा जोडली, तो पुढे मिक्सरचा झटका लागल्यावर ‘जरा करंट मारतो’ म्हणून सोडून देणार नाही.

अन्नाचा तास तर मुलगा-मुलगी दोघांना सक्तीचाच हवा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१मध्ये, देशातल्या पंधरा ते एकोणीस वयाच्या ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. नुसत्या गोळ्या वाटून हे भागत नाही. डाळ-पालेभाजीवर लिंबू पिळलं तर लोह अंगी लागायला मदत होते आणि जेवणाबरोबर चहा घेतला तर अडथळा होतो, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवं. नाचणीत शंभर ग्रॅममागे साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असतं; म्हणजे आजीचं नाचणी सत्त्व उगाच नव्हतं. दुकानातला पुडा हातात घेऊन तो वाचणं हाही एक धडा आहे. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते. ‘पौष्टिक’ बिस्किटावर मैदा पहिला आणि साखर दुसरी किंवा तिसरी असेल, तर पुड्यावरच्या चित्रातल्या गव्हाच्या लोंबीवर किती विश्वास ठेवायचा, ते मुलं आपलं आपण ठरवतील.

मुलग्यांच्या आयांना एक विनंती. शाळेत तो भाकरी थापायला शिकला आणि घरी तुम्ही ‘राहू दे रे, तुझं काम नाही ते’ म्हणालात, तर शाळेची वर्षभराची मेहनत एका वाक्यात वाया गेली. पुढे शिक्षणासाठी तो पुण्याला किंवा नागपूरला खोली घेऊन राहील तेव्हा डबा बंद असलेल्या रविवारी हीच भाकरी त्याला जेवू घालेल. आणि मुलींच्या बाबांनो, ड्रिल मशीन तिच्या हातात द्या. भिंतीत खुंटी ठोकायला तिला कुणाची वाट पाहावी लागू नये.

आता एका आक्षेपाकडे. तो खरा आहे आणि त्याला नीट उत्तर द्यायला हवं. ‘आम्ही पिढ्यान्‌पिढ्या हातानेच राबलो. पोराने पुस्तक धरावं म्हणून शाळेत घातलं, आणि तुम्ही पुन्हा त्याच्या हातात पटाशी देता?’ ज्या समाजांवर जातीने काम लादलं गेलं त्यांचा हा संशय अगदी रास्त आहे. १९५३ साली मद्रास राज्यात तेव्हाचे मुख्यमंत्री राजाजी यांनी प्राथमिक शाळेचे तास कमी केले आणि उरलेल्या वेळात मुलांनी घरचा धंदा शिकावा अशी योजना आणली. कुंभाराचं पोर कुंभारच राहणार, हे लोकांनी ओळखलं. मोठं आंदोलन झालं. १९५४मध्ये राजाजी पायउतार झाले आणि त्यांच्या जागी आलेल्या कामराजांनी ती योजना रद्द केली. ते योग्यच झालं.

म्हणून दोन अटी पक्क्या धराव्यात. पहिली: हा विषय वर्गातल्या प्रत्येकाला, ‘अ’ तुकडीतल्या पहिल्या नंबरापासून सगळ्यांना. कच्च्या मुलांना बाजूला काढण्याची ती खिडकी होता कामा नये. दुसरी: गणित, विज्ञान, इंग्रजी यांतला एकही तास त्यासाठी कापायचा नाही. डॉक्टरची मुलगी आणि सुताराचा मुलगा एकाच बाकावर रंधा मारतील, तेव्हाच रंधा कुणा एका जातीचा राहणार नाही. आणि सुताराचा मुलगा तिथे वर्गाला चार गोष्टी शिकवेल. त्या दिवशी त्याच्या घरची विद्या पहिल्यांदा शाळेच्या फळ्यावर येईल.

बाकीच्या अडचणी सोडवता येण्यासारख्या आहेत. ‘सुरी, गॅस, वीज, पोरांना काही झालं तर?’ भीती योग्य आहे, म्हणून नियम आधी शिकवायचे. केस बांधलेले, ओढणी खोचलेली, ड्रिलसमोर डोळ्याला चष्मा, एका शेगडीभोवती चार-पाच मुलं आणि जवळ एक मोठं माणूस. भाजलं तर वीस मिनिटं नळाच्या गार वाहत्या पाण्याखाली धरायचं. टूथपेस्ट, हळद, बर्फ काहीही लावायचं नाही. हे शाळेत कळलं तर घरीही कामाला येईल. ‘पैसे कुठून आणायचे?’ एका पेटीभर हत्यारांनी, दोन शेगड्यांनी आणि एका तराजूने सुरुवात होते. कित्येक शाळांत पोषण आहाराचं स्वयंपाकघर आणि परसबाग आधीच आहे. आठवी-नववीच्या मुलांसाठी त्याचं दार उघडायचं आहे. ‘शिकवणार कोण?’ गावातली शिवणकाम करणारी ताई, गॅरेजवाला, गवंडी, पापड करणारा बचतगट. त्यांना मानधन द्या आणि तासाला आले की इतर शिक्षकांसारखंच ‘सर’, ‘मॅडम’ म्हणा.

तर पालकहो, पुढच्या पालकसभेला जाताना चार-पाच जण मिळून जा. एकट्याच्या प्रश्नाला ‘बघू’ म्हणतात. मुख्याध्यापकांना विचारा: आठवड्यातले कोणते सलग दोन तास यासाठी राखणार? ते दुसऱ्या विषयाला जाणार नाहीत याची हमी कोण देणार? आणि वर्षाअखेर मुलांना गुण कशावर मिळणार, वहीतल्या उत्तरांवर की समोर करून दाखवलेल्या कामावर? उत्तरं पालक-शिक्षक संघाच्या इतिवृत्तात लिहून घ्या. नुसतं विचारून घरी येऊ नका. तुम्हाला नळाचा वायसर बदलता येतो, लोणचं घालता येतं, शिलाई मशीन दुरुस्त करता येतं, यातलं जे येतं ते सांगा आणि महिन्यातला एक शनिवार शाळेला देऊ करा. सत्र सुरू होताच पहिल्या महिन्यात हे ठरलं तर होतं. दिवाळीनंतर शाळेला फक्त दहावीचा निकाल दिसतो.