दुसरी तिजोरी समुद्रापासून लांब ठेवा

मा. अध्यक्ष व संचालक मंडळ,
सिंधुदुर्ग जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक,
सिंधुदुर्गनगरी



बँकेचे सर्व्हर कोणाच्या इमारतीत आणि कोणत्या शहरात ठेवायचे, असा करार जेव्हा केव्हा मंडळासमोर येईल, तेव्हा आयटी विभागाची टिपणी आणि सर्वांत कमी दराची निविदा एवढ्यावर तो मंजूर करू नये, ही विनंती करायला हे पत्र लिहितो आहे. शाखेतली तिजोरी कुठे बसवायची यावर जेवढा खल होतो, तेवढा इथेही व्हायला हवा. आमच्या ठेवी, काजू-आंब्याची पीककर्जे, सोसायट्यांचे हिशोब आता त्या यंत्रांतच असतात.

३१ जुलै २०२४ आठवा. लहान बँकांना संगणक यंत्रणा पुरवणाऱ्या सी-एज या कंपनीच्या यंत्रणेवर खंडणीसाठी सायबर हल्ला झाला, एनपीसीआयने तिला पेमेंटच्या जाळ्यातून तोडले आणि देशभरातल्या सुमारे ३०० लहान बँकांचे यूपीआय आणि एटीएम व्यवहार अडले. त्यांत सहकारी आणि ग्रामीण बँकाच होत्या. आपल्या किनाऱ्यावरची मासेमारीबंदी नेमकी त्याच दिवशी संपत होती. बोट समुद्रात जायची तर डिझेल, बर्फ, खलाशांची उचल सगळे आधी चुकते करावे लागते. सर्जेकोटच्या मच्छीमाराचे खाते एकाच बँकेत असेल, तर अशा दिवशी त्याने कोणाकडे हात पसरायचा? दुसऱ्याच्या इमारतीत आणि दुसऱ्याच्या भरवशावर काम चालवताना तो दुसरा कोण, हे पारखणे म्हणूनच संचालकांचे काम आहे.

जागेबद्दल आधी एक कटू गोष्ट. डेटा सेंटर जिल्ह्यातच उभारा, पोरांना काम मिळेल, असे म्हणणारे आपल्याला भेटतील. त्यांची तळमळ खरी आहे, माझीही तीच आहे. पण मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आले तेव्हा मालवण, देवगड, वेंगुर्ल्यात खांब आडवे झाले आणि कित्येक गावे दिवसेंदिवस विजेविना, रेंजविना राहिली. खाऱ्या हवेत पत्रा टिकत नाही, तिथे सर्किटवरचे तांबे काय टिकणार? जवळ असल्याने वेग वाढेल, हाही भ्रम आहे. नवी मुंबई इथून साधारण ५०० किलोमीटर. फायबरमधून प्रकाशाला जाऊन यायला पाचेक मिलिसेकंद लागतात, उपकरणांमुळे आणखी थोडे. काउंटरवर कोणाच्या लक्षातही येणार नाही.

मुख्य केंद्र नवी मुंबईत असेल तर माझी हरकत नाही. समुद्राखालच्या केबल मुंबईला लागतात, वीज आहे, महापे, रबाळे, ऐरोलीच्या पट्ट्यात स्पर्धा आहे. हरकत आहे ती मुख्य केंद्र बंद पडल्यास काम चालवणारे दुसरे केंद्रही तिथेच घेण्याला. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज एकाच वेळी गेली होती. २६ जुलै २००५ चा ९४४ मिलिमीटर पाऊस कोण विसरेल? अशा वेळी जनरेटर चालतो, पण डिझेलचा टँकर पाण्यातून पोहोचणार कसा? विक्रेते पुणे सुचवतील, कारण ते सोयीचे आहे. मी नागपूर किंवा हैदराबादचा आग्रह धरीन. अरबी समुद्रातले वादळ आणि सह्याद्रीचा पाऊस दोन्ही तिथून दूर आहेत. फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला १० मार्च २०२१ रोजी ओव्हीएच कंपनीची पाच मजली इमारत जळाली. ज्यांची राखीव प्रतही त्याच आवारात होती, त्यांतल्या काहींची माहिती कायमची गेली.

करारातली एक ओळ स्वतः वाचा. सेवा बंद पडल्यास कंपनी काय देणार? बहुतेक करारांत भाड्यातला काही भाग परत, एवढेच असते. आपल्या खातेदाराचे झालेले नुकसान त्यात कुठेच नसते. म्हणून दंडाच्या रकमेवर घासाघीस करण्यापेक्षा विचारा: वीज दोन वेगळ्या उपकेंद्रांतून येते का, टाकीतले डिझेल किती तास पुरते, कोणत्याही दूरसंचार कंपनीची केबल आत आणू देता का, आणि करार संपल्यावर आमची यंत्रे किती दिवसांत, काय खर्चाने बाहेर काढू द्याल? शेवटचा प्रश्न निविदा उघडण्याआधी विचारा. यंत्रे एकदा आत गेली की त्याचे उत्तर महाग होते.

आणि इथून त्या केंद्रांपर्यंतची केबलची वाट? पहिली लाइन महामार्गालगत जात असेल, तर दुसरी घाट चढून कोल्हापूरमार्गे हवी. दोन कंपन्यांची बिले भरूनही दोघींची केबल एकाच चरात असू शकते. खोदकाम करणारा जेसीबी दोन्ही एकदम तोडतो. मार्गाचा नकाशा लेखी मागा. पावसाळ्यात घाटात दरड कोसळते, म्हणून घाटाच्या एकट्या वाटेवरही विसंबू नका.

सप्टेंबरअखेरपर्यंत वार्षिक सभा होईल. अहवालात तीन गोष्टी छापा: दोन्ही केंद्रांची शहरे, मुख्य केंद्र मुद्दाम बंद करून दुसऱ्यावर काम चालवण्याचा सराव शेवटचा कोणत्या तारखेला झाला, आणि त्या दिवशी शाखा पुन्हा सुरू व्हायला किती वेळ लागला. इमारतीचा पत्ता छापू नका, तो गुप्तच राहू दे. सराव झालाच नसेल तर तसे छापा, आणि तो चतुर्थीच्या गर्दीआधी उरकून घ्या.

आपला नम्र,
एक ठेवीदार, मालवण